आत राहिलेला गोवर

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटायचा. ती धडधाकट होती तेव्हा वाटायचा, आणि ती अंथरुणाला खिळली तेव्हाही वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सावरून घेत बसावं लागणार नाही. रंजनाबद्दल आमच्या घरात नंतर कुणी बोलत नसे. अण्णा गेले, मग आई गेली, आणि तिला जवळून पाहिलेलं माणूस म्हणून आता मी एकटीच उरले. माझ्या नवऱ्याला आणि मुलांना एवढंच ठाऊक आहे की मला एक बहीण होती आणि ती लहानपणी मेंदूच्या तापाने गेली. मेंदूचा ताप हे मीच सोयीसाठी सांगत आले. खरं काय झालं ते सांगायला बसलं की माझ्याबद्दलही सांगावं लागतं, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

आम्ही काळेवाडीत राहायचो. तेव्हा पवना नदीच्या अलीकडे ऊस होता, वांग्या-भेंडीचे तुकडे होते, आणि अशाच एका शेताच्या कडेला गंगूआत्यांनी भाड्याने द्यायला पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या होत्या. गंगूआत्या आमच्या घरमालकीण, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. खोल्यांच्या मागेच त्यांचा म्हशींचा गोठा होता, त्यामुळे आमच्या भिंतीला कायम कुणीतरी अंग घासत असायचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते लातूरकडच्या खेड्यातून आलेले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीचा आठवडा असला की दिवसा ते खोलीच्या कोपऱ्यात तोंडावर पंचा टाकून झोपत आणि आम्ही खुणांनी बोलायचो. त्यांच्या कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास यायचा, तो आईने कितीही आपटले तरी जात नसे. मला तो आवडायचा. आई ज्वारीची भाकरी करायची, गावाहून आलेल्या येसराच्या मसालेदार पिठाची आमटी करायची, आणि तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा सोडवून त्यावर तेल-मीठ लावून द्यायची. तो पापुद्रा एकेकाळी माझा होता. रंजनाला दात आले आणि तो तिचा झाला.

मी पाच वर्षांची होते आणि ती दहा महिन्यांची, तेव्हाची गोष्ट. मला आठ दिवसांसाठी चाकणला मावशीकडे पाठवलं होतं. मावशीचे यजमान कांद्याच्या बाजारात तोलाईचं काम करायचे, आणि त्यांच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा कांद्याची पोतीच जास्त. तिथून मी परत आले ती ताप घेऊनच. डोळे लाल झाले, उजेड सहन होईना, आणि तिसऱ्या दिवशी कानामागून पुरळ उठायला लागलं. गंगूआत्यांनी दारातूनच बघून सांगितलं, "गोवर हाय." त्यांनी कडुलिंबाचा पाला आणून दाराला खोचला. घरात फोडणी बंद झाली, अण्णांनासुद्धा दूधभातच. मला मनुकांचं पाणी मिळायचं, आणि आई माझ्या अंगावरून पाल्याची डहाळी फिरवत बसायची. आत्या पुन्हापुन्हा बजावायच्या, "समदा भाईर पडला पायजे बरं का. आत न्हाई ऱ्हायला पायजे." मला अंगभर खाज होती, पण त्या दिवसांइतकी मी क्वचितच सुखात असेन. तान्हीला दुसरं कुणीतरी सांभाळायचं आणि आई माझी होती. दहा-बारा दिवसांनी रंजनाचं अंग तापलं. आई उठून तिच्याकडे गेली ती, मला वाटतं, पुढची दहा वर्षं परत आली नाही.

रंजनाचा गोवर माझ्यासारखा सरळ गेला नाही. तिला न्यूमोनिया झाला, ती दूध ओढेना, आणि एका दुपारी गंगूआत्यांनी अण्णांना कारखान्यातून बोलवायला माणूस पिटाळला. ती वाचली. पण त्यानंतर आईच्या लेखी ती मरता मरता परत आलेली होती, आणि मी फक्त होते.

वाचली आणि काय वाचली! चार वर्षांची होईतो तिला पंधरापर्यंत पाढे यायचे. सहाव्या वर्षी ती गंगूआत्यांना त्यांच्या पलटणीतल्या मुलाची पत्रं वाचून दाखवायची, तीही त्यांच्या मुलाच्या आवाजात. तिला नकला करायची देणगी होती. गंगूआत्या म्हशीला हाक मारताना कमरेवर हात कसा ठेवतात, अण्णा पाळीवरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी कसे उसासा टाकतात, आमच्या बाई खडू बोटांत धरून कशा नाक पुसतात, सगळं हुबेहूब. दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी अण्णा दारात बाजेवर बसले की म्हणायचे, "रंजे, आज कुणाला आणलीस?" आणि ती कुणाला तरी 'आणायची'. सहाही खोल्यांतली माणसं जमायची. अण्णा हसून हसून डोळे पुसायचे. मी आत आईला पीठ मळून देत असायचे आणि बाहेरचं हसू ऐकायचे. एकदा मीही प्रयत्न केला. रंजना घरात नसताना अण्णांसमोर आत्यांसारखी कमरेवर हात ठेवून चालून दाखवलं. अण्णा मायेने बघत राहिले आणि म्हणाले, "कंबर दुखायलीय का गं?" आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी मी गोठ्याच्या मागे जाऊन रडले होते.

तिला नऊ वर्षं पूर्ण झाली त्या पावसाळ्यात तिच्यात बदल व्हायला लागला. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. वहीत मोत्यासारखं अक्षर होतं ते ओळ सोडून खाली उतरायला लागलं. पाढे म्हणताना मधेच थांबायची आणि पुढचा आकडा माझ्या तोंडाकडे बघून शोधायची. चिडचिडी झाली. चाचणीत नापास झाली. गणितात नापास झालेली रंजना! आईने ती वही घेऊन अण्णांना दाखवली. मी त्यांच्यासमोर माझी वही उघडून ठेवली, जिच्यात त्या वेळी पहिल्यांदाच तिच्यापेक्षा चांगले गुण होते. कुणी पाहिलं नाही, पण मला पर्वा नव्हती. मला आतून गार वाटलं. खाली येतेय, येऊ दे, असं मी मनात म्हटलं. हे शब्द मला नीट आठवतात.

मग त्या थंडीत झटके सुरू झाले. झटका म्हणजे फिट नव्हे. चांगली चालता चालता तिचा एक खांदा उडायचा, किंवा मान एकदम खाली जाऊन वर यायची, जणू कुणी मागून टपली मारली. क्षणभर, आणि परत सगळं नेहमीसारखं. थोड्या वेळाने पुन्हा. खोल्यांतल्या बायकांना वाटलं ही कुणाची तरी नवीन नक्कल आहे. त्या हसायच्या आणि विचारायच्या, "ही कोण गं?" रंजना गोंधळून त्यांच्याकडे बघायची. मला मात्र लवकरच कळलं होतं की ही नक्कल नाही. मी तिच्या शेजारी झोपायचे, तिच्या शेजारी जेवायचे. घास तोंडाशी नेताना हात उडून घास भिंतीवर जायचा, तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती दिसायची ती नकलेत कधी नसे. नक्कल करताना ती आधी समोरच्याकडे बघून घ्यायची. आता ती आपल्या हाताकडे बघायची.

आणि तरीही मी ते केलं. अण्णांची दुसरी पाळी होती. दुपारी ते जेवणाचा डबा घेऊन निघायचे. आईने डबा भरून रंजनाच्या हाती दिला, अण्णांच्या सायकलला लावायला. उंबऱ्यात तिचा हात उडाला आणि डबा दगडी पायरीवर आपटून उघडला. आमटी, भाकरी, कांदा सगळं मातीत. कारखान्याचा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता. अण्णा सायकलवर बसून उपाशीच निघून गेले. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय करायलीस गं तू हल्ली? काय झालंय तुला?" रंजना सांडलेल्या भाकरीकडे बघत होती. तेव्हा मी म्हणाले, "मुद्दाम करते ती, आई. काल विहिरीवर पोरींना करून दाखवत होती, मी पाहिलंय. म्हणाली, कशी घाबरवते बघा आईला."

विहिरीवर असं काही झालं नव्हतं. आईने रंजनाच्या गालावर मारली. जन्मात पहिल्यांदा. रंजना रडली नाही, तिला ते कळायलाच वेळ लागला. मग ती म्हणाली, "मी नाही करत आई. हातच करतो." आईने दुसरी मारली. मी झाडू आणून पायरी साफ केली, आणि आई मला म्हणाली, "तू एक शहाणी हायस म्हणून बरंय." हे वाक्य मी किती दिवस जपून ठेवलं होतं!

त्या मारामुळे दोन महिने वाया गेले. घरात एकदा ठरलं की पोरगी नाटक करते, तर मग प्रत्येक झटका हे नाटकच. शेवटी शाळेच्या पायऱ्यांवरून ती तोंडावर पडली, पुढचे दोन दात तुटले, आणि हेडमास्तर तिला स्वतः घरी घेऊन आले. ते आईला म्हणाले, "बाई, एवढ्या उंचीवरून कुणी मुद्दाम पडत नाही." कारखान्याच्या डॉक्टरांनी तिला तपासून पुण्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिला एका बाजूने धरायला माणूस हवा म्हणून मीही बरोबर गेले. तिच्या डोक्याला वायरी चिकटवून कागदावर रेघा काढल्या, दुसऱ्या दिवशी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ती ओरडली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. माझ्या हातात तिच्यासाठी घेतलेली मोसंबी होती, आणि माझ्या मनात आलं की मला कधी कुणी मोसंबी आणली नाही. असं होतं. मी काही लपवणार नाही.

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावणारे. त्यांनी आई-अण्णांना समोर बसवलं. मी दाराशी रंजनाला टेकू देऊन उभी होते. त्यांनी विचारलं, "हिला लहानपणी गोवर झाला होता का?"

"झाला होता," आई म्हणाली. "दहा महिन्यांची होती. लई जोराचा झाला होता."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू त्यांना हे उत्तर नको होतं आणि हेच येणार हेही माहीत होतं. मग त्यांनी सावकाश समजावलं. गोवराचा विषाणू अंगावरून जातो, पण एखाद्या मुलात, विशेषतः फार लहानपणी गोवर झालेल्या मुलात, तो मेंदूत लपून राहतो. वर्षानुवर्षं काही करत नाही. मग एक दिवस हळूहळू मेंदू खायला लागतो. अभ्यास जातो, मग हे झटके येतात, मग बोलणं, चालणं. अण्णांनी विचारलं, "औषध?" डॉक्टर म्हणाले, "झटके थोडे कमी करायला गोळ्या देतो." डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला आणि म्हणाले, "बरं करायचं औषध नाही. वर्ष, दीड वर्ष. जपा तिला."

आईने एकच प्रश्न विचारला. "गोवर कुणापासून आला असंल हिला?" डॉक्टर म्हणाले, "तो हवेतून येतो हो. कुणापासूनही." आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझ्या पायांकडे पाहत होते. मला चाकणची कांद्याची पोती दिसत होती.

आता मी पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर राहते. खाली पाहिलं की महामार्ग दिसतो, कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने जातात. मीही वीस वर्षं अशाच बसने चाकणला जात होते, मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात. माझी नात नऊ महिन्यांची झाली त्या दिवशी सूनबाईच्या आधी मी दवाखान्यात जाऊन बसले होते. मुलगा हसून म्हणाला, "आई, गोवराचीच लस आहे, उद्या दिली तरी चालेल." मी म्हटलं, "आजच." नर्सबाईंनी सुई टोचली, पोर कळवळली, आणि मी तिथेच एवढी रडले की सूनबाई मला पाणी द्यायला धावली. तेव्हाही मी काही सांगितलं नाही. आमच्या लहानपणी काळेवाडीत गोवराच्या लसीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

पुण्याच्या इस्पितळातून परत आल्यावर आमचं घर रंजनाभोवती फिरायला लागलं. अण्णांनी ओव्हरटाइम सोडला. गंगूआत्या रोज तांब्याभर म्हशीचं दूध आणून द्यायच्या आणि दारात उभ्या राहून पदर डोळ्यांना लावायच्या, "समदा भाईर पडला न्हाई गं पोरीचा. मीच नीट बगितलं न्हाई." दिवाळीपर्यंत रंजना चालायची थांबली. संक्रांतीपर्यंत तिचे शब्द गेले, आधी मोठे, मग लहान, शेवटी फक्त 'आ' उरला. मान धरवेना, हनुवटीखाली हात धरावा लागायचा. आई तिला मांडीवर घेऊन रव्याची पातळ खीर भरवायची, चमचाभर घशाखाली उतरायला कितीतरी वेळ लागायचा, आणि मधेच झटका आला की सगळं बाहेर. मग पुन्हा पहिल्यापासून. घरचं काम माझ्यावर आलं. भाकऱ्या मी थापायचे, पाणी मी भरायचे, दहावी जवळ आली होती तरी अभ्यास गोठ्यामागे बसून करायचे. मला कामाचं वाईट वाटत नव्हतं. पण आईने दिवसभरात माझ्याकडे पाहिलेलं नसायचं. सांगायचं काम असलं तर ती रंजनाच्या तोंडाकडे बघतच सांगायची, "शोभे, दूध उतरव."

त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा पाळी आली. मी घाबरून आईजवळ गेले. ती खीर भरवत होती. मी कसंबसं सांगितलं. तिने मान वर केली नाही, म्हणाली, "आत्याकडं जा. त्या सांगतील." गंगूआत्यांनी सगळं मायेने सांगितलं, जुनं लुगडं फाडून दिलं, गूळ खायला दिला. पण मी त्यांच्या ओसरीवर बसून एकच विचार करत होते, की झटका मला आला असता तर.

पाचव्या दिवशी दुपारी मी तो आणला. रंजनाशी इतकी वर्षं चढाओढ करून जे मला जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. आई खीर भरवत होती. मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन आले, आणि तिचं लक्ष जावं अशा जागी उभी राहून खांदा उडवला, मान खाली टाकली, तांब्या सोडून दिला. अगदी रंजनासारखा. मी दीड वर्ष ते शेजारून पाहत होते.

आईच्या हातातली वाटी गळून पडली. तिने रंजनाला मांडीवरून खाली ठेवलं, ठेवलं म्हणजे जवळजवळ टाकलं, आणि ती गुडघ्यांवरच माझ्याकडे आली. उठायचंही तिला सुचलं नाही. तिने माझी दोन्ही मनगटं धरली. तिचे हात थंडगार होते. "तुला बी?" ती म्हणाली. "शोभे, तुला बी? कधीपासून? अगं माय, कधीपासून?" ती माझ्या तोंडावरून, मानेवरून, खांद्यांवरून हात फिरवत होती, जणू कुठून तरी ते बाहेर काढणार होती. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. तिच्या डोळ्यांत माझ्याशिवाय काही नव्हतं. आणि मला ते एक श्वासभरही सोसवेना. तिच्या मागे जमिनीवर रंजना तिरकी पडली होती, तिची मान उडत होती, आणि तोंडातून खीर वाहत होती.

"खोटं होतं," मी म्हणाले. "आई, मी खोटं केलं."

तिला कळेना. मी पुन्हा सांगितलं. मग थांबताच येईना म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. विहिरीवर रंजना काही बोलली नव्हती. डबा तिने मुद्दाम पाडला नव्हता आणि ते मला ठाऊक होतं. गोवर चाकणहून मीच घेऊन आले होते, आणि तिला माझ्यापासूनच झाला. मी माराची वाट बघत डोळे मिटले.

मार आला नाही. आई उठली, रंजनाला उचलून परत मांडीवर घेतलं, पदराने तिचं तोंड पुसलं, आणि तशीच बसून बोलायला लागली. "तुला चाकणला कुणी धाडलं होतं?" तिने विचारलं. "मी धाडलं. ताईनं निरोप दिला होता बाजारच्या माणसाजवळ, गल्लीत गोवर हाय, पोरीला आत्ताच धाडू नको. मला मिळाला होता निरोप. मला वाटलं, गोवर काय, सगळ्याच लेकरांला होतो. तू लई चिटकायचीस मला तेव्हा. ही झाल्यापासून जास्तच. माझ्याच्यानं दोघी होईनात. म्हणलं आठ दिस तरी तान्हीजवळ निवांत बसीन. डाक्टरनं इचारलं तेव्हापासून कुणाला सांगावं ते कळंना मला. तुझ्या अण्णाला बी सांगितलं नाही."

ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आईची दया नाही आली. मला वाटलं, म्हणजे तेव्हाच. पाच वर्षांची असतानाच मला तिच्यासाठी घराबाहेर काढलं होतं. दया नंतर आली, बऱ्याच वर्षांनी, माझी स्वतःची दोन मुलं एकदम रडायला लागली तेव्हा. त्या दुपारी मी फक्त फडकं घेऊन जमिनीवरची खीर पुसली. आई म्हणाली, "हिला दोन चमचे भरवतीस का? माझा हात भरून आलाय." मी बसले. आईने रंजनाचं डोकं माझ्या कोपरात ठेवून दिलं. ते इतकं जड असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर दुपारची खीर माझ्याकडे आली. आई तेवढ्या वेळात भिंतीला टेकून डोळे मिटायची. मी एकदा रंजनाच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मला ठाऊक होतं गं, तू करत नव्हतीस. हातच करायचा." तिने माझ्याकडे पाहिलं, की माझ्या मागच्या उजेडाकडे पाहिलं, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले होते की तिला आता काही कळत नाही. मला वाटायचं कळावं, आणि मला वाटायचं कळू नये. हेवा गेला असं मात्र झालं नाही. शेजारणी येऊन आईला म्हणायच्या, "किती करता हो लेकीचं," तेव्हा मी चुलीजवळ भाकरी थापत असायचे आणि थापटी जोरात पडायची.

दहावीचा निकाल लागून मी पास झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, श्रावणात, रंजनाला ताप भरला आणि छाती घरघरायला लागली. सकाळची वेळ होती. अण्णांची पहिली पाळी, ते कारखान्यात होते. आई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी पायांशी. झटके हळूहळू कमी होत गेले. आम्हाला वाटलं बरं वाटतंय. मग ते थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा ती जागेपणी स्थिर पडली होती, आणि आईच्याही आधी मला कळलं. आईला अजून थोडा वेळ तिला धरून बसू दिलं. तेवढं एक मी त्या दोघींसाठी केलं असं मला वाटतं.

तेराव्याला गावाकडची माणसं आली आणि गेली. खोली एकदम मोठी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या प्रवेशाच्या चौकशीला निघाले होते. आई म्हणाली, "थांब, वेणी घालून देते." मी सोळा वर्षांची होते, माझी वेणी मीच घालायचे, तिने कधी घातली होती तेही आठवत नव्हतं. मी तिच्यापुढे पाट घेऊन बसले. तिने तेल लावलं, फणी घेतली, आणि फणी फिरवायच्या आधी तिचा डावा हात पुढे येऊन माझ्या हनुवटीखाली बसला. तिने माझी मान तोलून धरली. हात आपोआपच आला होता, तिला ठाऊकही नव्हतं. माझी मान चांगली होती, तिला आधाराची काही गरज नव्हती. मी सांगू शकले असते. तो हात माझ्यासाठी नव्हता हे मला लख्ख कळत होतं, आणि तरी तो मला हवा होता. मी मानेतला सगळा जोर काढून घेतला आणि डोकं तिच्या तळहातावर सोडून दिलं. आई विंचरत राहिली.